घरच्या पार्किंगमध्ये एसयूव्हीचे पुढचे एक्सल बदलताना

पुढच्या चाकामागे घड्याघड्यांचं एक काळं रबर असतं. त्याला मेकॅनिक एक्सलचं, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचं, बूट म्हणतात. ते फाटलं की आतलं ग्रीस बाहेर फेकलं जातं आणि रस्त्यावरचं चिखलपाणी आत शिरतं. त्या रबराच्या आत सहा छर्र्यांचा सीव्ही जॉइंट असतो. चाक कितीही वळलं तरी इंजिनची ताकद एकसारख्या वेगानं चाकापर्यंत पोचवायची, हे त्याचं काम. ग्रीस संपून वाळू आत गेली की हे छर्रे आपल्या खाचा झिजवू लागतात आणि गाडी वळताना कट-कट वाजायला लागते. खड्डे आणि पावसाळा सोसणाऱ्या आपल्याकडच्या गाड्यांना हे दुखणं ठरलेलंच आहे.

हे काम घरी करता येतं. त्याला अंगात फार ताकद लागते असं नाही. गडबड होते ती दोनच ठिकाणी: हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाचा, नट सोडवताना आणि एक्सल गिअरबॉक्समधून ओढताना. तिथे मी जास्त थांबणार आहे, बाकीचं भराभर सांगतो.

माझी गाडी दुसऱ्या पिढीची होंडा सीआर-व्ही, त्यामुळे खालची मापं तिची आहेत. ब्रेझा, क्रेटा, डस्टर अशा आडव्या इंजिनाच्या आणि पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांत क्रम साधारण हाच असतो, नटांची मापं आणि टॉर्क (नट आवळण्याचा ठरलेला जोर) वेगळे. तुमच्याकडे बोलेरो किंवा टू-व्हील ड्राइव्ह स्कॉर्पिओ, फॉर्च्युनर असेल, तर त्यांची ताकद मागच्या चाकांना जाते. पुढे हे एक्सल नसतातच. फोर-बाय-फोरमध्ये पुढे एक्सल असतात, पण ते हबला आणि डिफरन्शियलला जोडण्याची पद्धत निराळी असते. तिथे त्या गाडीची वर्कशॉप पुस्तिकाच समोर ठेवा.

१. आधी दुखणं नक्की करा

आवाज आला की लगेच एक्सल मागवू नका. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून सावकाश गोल फिरा आणि हलका अ‍ॅक्सिलरेटर द्या. कट-कट आली तर बाहेरचा, म्हणजे चाकाजवळचा जॉइंट गेलेला असतो. डावीकडे वळताना वाजला तर बहुधा उजवा, उजवीकडे वळताना वाजला तर डावा. सरळ रस्त्यावर जोर दिला की गाडी थरथरते आणि पाय काढला की थांबते, असं असेल तर संशय आतल्या, गिअरबॉक्सजवळच्या जॉइंटवर घ्या. वेगाबरोबर वाढत जाणारी आणि अ‍ॅक्सिलरेटरशी संबंध नसलेली घरघर मात्र बहुधा व्हील बेअरिंगची असते. खड्ड्यातच येणारा खट आवाज लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या आडव्या दांड्याच्या) बुशचा किंवा स्टॅबिलायझर लिंकचा असू शकतो.

मग डोळ्यांनी बघा. स्टिअरिंग पूर्ण वळवा, चाकामागे टॉर्च मारा. फाटलेल्या बुटातून ग्रीस फिरत फिरत उडतं, त्यामुळे रिमच्या आतल्या बाजूला आणि शॉकअपच्या खालच्या भागावर त्याचा एका रेषेत पट्टा दिसतो, त्यावर धूळ चिकटून जाड थर झालेला असतो. घड्यांच्या तळाशी बोटानं दाबून पाहा. चीर बऱ्याचदा तिथे लपलेली असते.

बूट फाटलंय, पण आवाज अजिबात नाही, अशा वेळी नवा एक्सल घेऊ नका. मूळ जॉइंट धुऊन, नवं ग्रीस भरून फक्त बूट किट बसवा. कंपनीचा मूळ जॉइंट चांगला असताना तो फेकून स्वस्तातला एक्सल घालणं म्हणजे पदरचे पैसे देऊन नुकसान विकत घेणं, असं माझं स्पष्ट मत आहे. आवाज सुरू झाला असेल तर मात्र ग्रीस भरून काही साधत नाही.

२. एक्सल विकत घेताना

पुण्यात नाना पेठेत किंवा तुमच्या शहरातल्या स्पेअर पार्टच्या गल्लीत जाताना नुसतं मॉडेल आणि साल सांगू नका, गाडीचा चेसिस नंबर न्या. एकाच गाडीचे मॅन्युअल आणि ऑटोमॅटिकचे एक्सल वेगळे असू शकतात, डावा-उजवा तर बहुधा वेगळा असतोच. दुकानातच तीन गोष्टी तपासा: दोन्ही टोकांच्या दात्यांची संख्या, एकूण लांबी, आणि तुमच्या जुन्या एक्सलवर एबीएसची दातेरी रिंग असेल तर नव्यावरही ती आहे का. जमलं तर बदलून घेण्याची बोली आधीच करून ठेवा.

अगदी स्वस्त नव्या एक्सलपेक्षा जीकेएन किंवा एनटीएनसारख्या ड्राइव्हशाफ्ट बनवणाऱ्या नावाजलेल्या कंपनीचा माल घ्यावा. तो मिळत नसेल, तर चांगल्या अवस्थेतला जुना कंपनीचा एक्सल घेऊन त्याला नवी बुटं घालणं मला अधिक भरवशाचं वाटतं. असा जुना एक्सल हातात धरून जॉइंट सगळीकडे फिरवून पाहा; अडखळला किंवा खुळखुळला तर ठेवून द्या.

सोबत हेही घ्या: नवा हब नट, बॉल जॉइंटची (लोअर आर्म आणि चाकाचा भाग जोडणाऱ्या गोल सांध्याची) नवी स्प्लिट पिन, गिअरबॉक्सचं ऑइल सील, ड्रेन प्लगचा वायसर आणि पुस्तिकेत सांगितलेलं गिअर ऑइल. हे सगळं मिळून एक्सलच्या किमतीपुढे किरकोळ आहे, आणि रविवारी दुपारी गाडी उघडी पडलेली असताना यातलं एक जरी नसलं तरी काम तिथेच अडतं.

३. अवजारं

• ३६ मिमीची सहापैलू गोटी (सॉकेट), अर्धा इंच ड्राइव्हची, जाड भिंतीची. बारापैलू गोटी नटाचे कोपरे गोल करते.
• लांब ब्रेकर बार आणि त्यावर चढेल असा साधारण मीटरभर लोखंडी पाइप
• टॉर्क रेंच. घेण्यापूर्वी त्यावरचा आकडा वाचा: बाजारातले बरेच अर्धा इंची टॉर्क रेंच २१० न्यूटन मीटरपर्यंतच जातात. सीआर-व्हीचा हब नट २४५ ला आवळायचा असतो.
• हायड्रॉलिक जॅक, दोन जॅक स्टँड, मागच्या चाकांना लावायला लाकडी ओंडके
• १० ते १९ पर्यंतच्या गोट्या आणि रिंग पाने, पक्कड, बारीक छिन्नी, पंच
• मोठी हातोडी, शिवाय रबरी किंवा पितळी हातोडी
• टॉमी (उचकटायची लोखंडी पहार), एक लांब आणि एक आखूड
• गंज सोडवणारा स्प्रे, वायर ब्रश, ऑइल धरायला पसरट तसराळं, भरपूर चिंध्या

सोसायटीच्या पार्किंगमध्ये करणार असाल तर आधी परवानगी घ्या आणि खाली जाड प्लास्टिक अंथरा. गिअर ऑइलचा डाग पेव्हर ब्लॉकमधून निघत नाही. जमीन सपाट आणि टणक हवी. पेव्हर ब्लॉक हलत असतील तर स्टँडखाली जाड प्लायवूडचा तुकडा ठेवा. एक माणूस मदतीला लागेल, ब्रेक दाबायला. पहिल्यांदाच करत असाल तर एका बाजूला अख्खा दिवस धरा, आणि दुसऱ्या दिवशी गाडी लागणार असेल तर काम सुरूच करू नका.

४. हब नट: चाक जमिनीवर असतानाच

गाडी उचलून मग या नटाशी झटापट करणं धोक्याचं आहे, स्टँडवरची गाडी हलते. म्हणून तो आधी सैल करायचा. रिमच्या मधली टोपी काढा. काही रिमची टोपी फक्त आतून निघते. तसं असेल तर चाक काढून टोपी ढकला आणि चाक परत लावून गाडी खाली घ्या.

आता नटाकडे नीट बघा. त्याची पातळ कड एका ठिकाणी ठोकून शाफ्टच्या खाचेत बसवलेली दिसेल. नट आपोआप सुटू नये म्हणून केलेलं ते लॉक आहे. बारीक छिन्नीनं ती कड पूर्ण बाहेर उचला. हे न करता जोर लावला तर ती कड आट्यांवरून खरवडत जाते आणि आटे खराब होतात. गंज सोडवणारा स्प्रे मारा आणि शक्य असेल तर रात्रभर राहू द्या. कोकणातल्या किंवा समुद्राजवळच्या गाडीला हे हवंच.

हँडब्रेक ओढा, मागची चाकं ओंडक्यांनी अडवा, मदतनीसाला ब्रेक घट्ट दाबून बसायला सांगा. गोटी पूर्ण आत बसवा, बारवर पाइप चढवा आणि सावकाश, एकसंध जोर द्या. २४५ न्यूटन मीटर म्हणजे मीटरभर दांड्याच्या टोकाशी साधारण २५ किलोचा जोर, पण वर्षानुवर्षं गंजलेला नट याच्या दुप्पट-तिप्पटही मागतो. पाइपवर उडी मारू नका. गोटी सटकली तर हात थेट फेंडरवर जातो. नट सुटतो तेव्हा मोठा कडाड आवाज होतो, त्यानं दचकू नका.

नट एकदा हलला की थांबा. तो नुसता सैल करायचा आहे, काढायचा नाही. सैल नटावर गाडी पुढे-मागे ढकलू नका. व्हील बेअरिंगला दाबून धरणारा हाच नट आहे आणि त्याच्याशिवाय गाडीचं वजन पडलं तर बेअरिंग बिघडतं. चाकाचे नटही आत्ताच थोडे सैल करून घ्या.

५. गाडी उचलणं

पुस्तिकेत दाखवलेल्या जागी जॅक लावा आणि एकाच बाजूचं काम असलं तरी पुढच्या दोन्ही बाजू स्टँडवर घ्या. एकच बाजू उचलली तर स्टॅबिलायझर बार लोअर आर्मला खाली जाऊ देत नाही आणि पुढचं काम दुप्पट अवघड होतं. स्टँडवर ठेवल्यावर गाडीला हातानं जोरात हलवून पाहा. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवून ठेवा.

६. ऑइल

एक्सल बाहेर आला की गिअरबॉक्समधलं ऑइल त्याच भोकातून सांडणार. त्यामुळे आधीच काढून घ्या. मॅन्युअल गिअरबॉक्स असेल तर आधी वरचा, भरायचा प्लग सुटतोय का बघा आणि मगच खालचा ड्रेन प्लग उघडा. वरचा प्लग गंजून अडकलेला असेल आणि खालून सगळं ऑइल निघून गेलं, तर गाडी जागेवरच अडकते. निघालेल्या ऑइलमध्ये बारीक राखाडी भुकटी असणं चालतं. धातूचे तुकडे दिसले तर गिअरबॉक्स मेकॅनिकला दाखवा.

७. बॉल जॉइंट सोडवणं

एबीएस सेन्सरची वायर जिथे क्लिप केलेली आहे ते १० चे बोल्ट काढून वायर मोकळी करा. ब्रेक कॅलिपर काढण्याची गरज नाही. या सीआर-व्हीत स्टिअरिंगचा टाय रॉड (चाक वळवणारा दांडा) वर स्ट्रटला, म्हणजे शॉकअपला, जोडलेला असतो, तोही तसाच राहू द्या. इतर बऱ्याच गाड्यांत तो नकलला (हब ज्यात बसतो त्या जाड लोखंडी भागाला) जोडलेला असतो आणि सोडवावा लागतो.

लोअर आर्मच्या खालून बॉल जॉइंटच्या नटाची पिन सरळ करून काढा. नट सैल करा, पण पूर्ण न काढता दोन-तीन आट्यांवर ठेवा. जॉइंट सुटताना आर्म झटक्यानं खाली जातो, तो या नटावर अडकेल. आता मोठ्या हातोडीनं लोअर आर्मच्या त्या डोळ्यावर, म्हणजे बॉल जॉइंटचा दांडा ज्यातून जातो त्या जाड कडीवर, बाजूनं दोन-चार खणखणीत ठोके द्या. दांड्याच्या टोकावर ठोकायचं नाही, आटे मरतात. निमुळता बसलेला दांडा कडीच्या धक्क्यानं टक्कन सुटतो. चिमट्यासारखा फाळ घालून सोडवायचं अवजार मिळतं, पण ते बॉल जॉइंटचं रबर हमखास फाडतं. बॉल जॉइंटही बदलणार असाल तरच ते वापरा.

मारुतीच्या बऱ्याच गाड्यांत इथे दांडा आवळून धरणारा आडवा पिंच बोल्ट असतो. तो सैल करून भागत नाही. तो दांड्याच्या खाचेतून गेलेला असल्यामुळे पूर्ण काढावाच लागतो.

८. हबमधून एक्सल काढणं

जुना हब नट शाफ्टच्या टोकाशी समपातळीत येईल इतका फिरवून ठेवा आणि पितळी हातोडीनं त्यावर ठोका, म्हणजे आटे वाचतात. शाफ्ट हलला की नट काढा. नाहीच हलला तर पुलर (शाफ्ट दाबून बाहेर काढायचं अवजार) भाड्यानं आणा. मोठ्या हातोडीनं बदडत बसलं तर तो मार गिअरबॉक्सपर्यंत पोचतो. लांब टॉमीनं लोअर आर्म खाली दाबा, नकल बाहेरच्या बाजूला फिरवा आणि शाफ्ट मागे सरकवून काढा. नकल ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देऊ नका, तिला दोरीनं बांधा.

९. गिअरबॉक्समधून एक्सल काढणं

एक्सलचा मधला दांडा धरून कधीही ओढू नका. आतला जॉइंट तीन रोलरचा असतो आणि तो आपल्या वाटीत आत-बाहेर सरकतो. दांडा ओढला की रोलर वाटीतून निघतात, बूट फाटतं, वाटी गिअरबॉक्समध्येच राहते. जोर द्यायचा तो फक्त आतल्या वाटीला.

गिअरबॉक्सची भिंत आणि ती वाटी यांच्या फटीत आखूड टॉमी घाला आणि झटका द्या. वाटी आत एका बारीक तारेच्या रिंगनं अडकलेली असते; ती सुटली की वाटी बाहेर सरकते. टॉमीचं टोक ऑइल सीलवर टेकणार नाही याची काळजी घ्या. एका जागी हटत नसेल तर शाफ्ट थोडा फिरवून दुसऱ्या जागी झटका द्या. सुटल्यावर वाटी आणि दांडा दोन्ही हातांनी आधार देत सरळ रेषेत बाहेर काढा, कारण दाते सीलच्या ओठावर घासले तर पुढे तिथून ऑइल गळत राहतं. खाली तसराळं असू द्या, उरलेलं ऑइल येतंच.

ज्या बाजूला इंजिन असतं त्या बाजूला बऱ्याच गाड्यांत, सीआर-व्हीतही, मधला एक वेगळा शाफ्ट असतो. तिथे वाटी त्या शाफ्टवरून ड्रिफ्ट (ठोकायची बोथट सळई) आणि हातोडीनं बाहेर ठोकून काढायची असते. मधला शाफ्ट जागेवरच राहतो आणि ऑइल सांडत नाही.

दोन्ही बाजू करायच्या असतील तर एक पूर्ण बसवून मगच दुसरीला हात घाला. दोन्ही एक्सल एकदम काढले तर काही गिअरबॉक्समध्ये आतले गिअर जागचे सरकतात.

१०. नवा एक्सल बसवणं

जुना आणि नवा एक्सल शेजारी शेजारी ठेवा. लांबी, दाते, एबीएस रिंग, वाटीचा बाहेरचा गुळगुळीत भाग, सगळं जुळलं पाहिजे. तो गुळगुळीत भाग सीलमध्ये फिरतो, त्यावर ओरखडा असेल तर एक्सल परत करा. सील बदलणार असाल तर जुनं काढून नवं चौफेर सारखं, सरळ ठोका आणि त्याच्या ओठाला थोडं गिअर ऑइल लावा.

नव्या एक्सलच्या टोकावरच्या तारेच्या रिंगला ग्रीसचा ठिपका लावला की ती दात्यांच्या मध्यभागी राहते. वाटी सरळ धरून आत घाला, दाते जुळेपर्यंत किंचित फिरवा आणि मग जोरात आत ढकला. टक असा आवाज आला म्हणजे रिंग बसली. खात्री करायला वाटी बाहेर ओढून पाहा, दांडा नव्हे. बाहेर आली तर रिंग बसलेली नाही. हे न तपासता गाडी चालवली तर एक्सल रस्त्यातच गिअरबॉक्समधून सरकू शकतो.

११. जुळणी

हबचे दाते ब्रशनं स्वच्छ करून शाफ्ट घाला. बॉल जॉइंटचा दांडा आर्ममध्ये बसवा आणि नट पुस्तिकेतल्या टॉर्कला आवळा. पिनचं भोक खाचेसमोर आलं नाही तर नट आणखी थोडा आवळा, पण भोक जुळवायला मागे कधीही सोडू नका. नवी पिन घालून टोकं वाकवा. एबीएसची वायर तिच्या मूळ वाटेनंच परत बांधा. ती चाकाला घासली तर डॅशबोर्डवर दिवा लागतो.

नवा हब नट लावा. गाडी स्टँडवर असतानाच मदतनीसाला ब्रेक दाबायला सांगून नट २४५ न्यूटन मीटरला आवळा आणि पंचनं त्याची कड शाफ्टच्या खाचेत ठोका. आधी सांगितलेल्या बेअरिंगच्या कारणासाठीच हे गाडी खाली घेण्यापूर्वी करायचं. अंदाजानं, पाइप लावून आवळण्यावर विसंबू नका. टॉर्क रेंच कमी पडत असेल तर ओळखीच्या गॅरेजमधून मोठा मागून आणा. मग चाक लावा, नट फुलीच्या क्रमानं थोडे थोडे आवळा आणि गाडी खाली घेतल्यावर १०८ न्यूटन मीटर द्या.

नवा वायसर घालून ड्रेन प्लग बंद करा, ऑइल भरा. पातळी तपासताना गाडी सपाट जमिनीवर हवी, पुढून उचललेली नव्हे.

१२. चाचणी

आधी पार्किंगमध्येच चार-पाच वेळा पुढे-मागे करा, ब्रेक तपासा, सीलजवळ टॉर्च मारून गळती बघा. मग मोकळ्या जागी दोन्हीकडे पूर्ण स्टिअरिंग वळवून गोल फिरा. कट-कट पूर्ण थांबली पाहिजे. त्यानंतर मुख्य रस्त्यावर जा. नुसता बॉल जॉइंट सोडवला असेल तर व्हील अलाइनमेंट सहसा बिघडत नाही. स्ट्रटचे बोल्ट किंवा टाय रॉडची लांबी हलवली असेल तर मात्र करून घ्या.

शंभरेक किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा टॉर्क रेंचनं तपासा, हब नटाची ठोकलेली कड जागेवर आहे ना ते बघा आणि बुटांच्या पट्ट्यांशी ग्रीस बाहेर येत नाही ना, यावर नजर टाका. काढलेलं ऑइल कॅनमध्ये भरून जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. कायद्यानं तो घातक कचरा आहे, गटारात ओतू नका. जुन्या एक्सलची बुटं चांगली नसली तरी जॉइंट ठीक असेल तर तो जपून ठेवा, स्पेअरवाले असे कंपनीचे एक्सल विकत घेतात.